छावणीच्या हद्दीवरचे घराणे

आमच्या घरी देवघराशेजारच्या फळीवर, लाल बासनात गुंडाळलेला, आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत ठेवलेला आहे. वाचकांपैकी बहुतेकांच्या घरी असा एखादा ग्रंथ असेलच; नसल्यास थोरल्या काकांकडे तरी खचित असेल. मूळपुरुष कोण, गोत्र कोणते, कुलदैवत कोठले, कोणत्या शाखेने कोकण केव्हा सोडले, कोणास पेशव्यांकडून काय मिळाले, हे सर्व त्यात शाखावार दिलेले असते. मुलींच्या बाबतीत मात्र हे ग्रंथ मोठे कृपण. 'कन्या ३' एवढ्यावर तीन जन्मांची वासलात लावून लेखक पुढच्या घरी जातो. असो.

गेल्या गणेशोत्सवात सारे कुटुंब एकत्र जमले असता हे बासन सोडले गेले. थोरल्या बंधूंची नात इयत्ता सहावीत आहे. तिने बराच वेळ वंशवृक्षावर बोट फिरविले आणि विचारले, "आजोबा, असं पुस्तक सगळ्यांचं असतं का?" आम्ही पंतोजीच्या सवयीने उत्तर दिले की, ज्यांच्या घरी कागद जपले गेले त्यांचे असते. "आणि ज्यांच्याकडे कागदच नव्हते त्यांचं?" या प्रश्नास आरतीची वेळ झाल्याचे निमित्त करून आम्ही बगल दिली. पण प्रश्न मनातून गेला नाही. त्याचे अर्धेमुर्धे उत्तर म्हणून, ज्याचा कुलवृत्तांत लाल बासनात कोणी ठेवला नाही अशा एका शिपाईबाण्याच्या घराण्याची हकीकत येथे सांगण्याचे योजिले आहे.

सेवानिवृत्तीनंतर आम्ही दिव्यास राहतो. दिव्याचे स्थानक म्हणजे गर्दीचे आगर, एवढीच त्याची कीर्ती आहे. परंतु आमच्या या हकीकतीला दिवे फार सोयीचे पडते. येथून कल्याणास जाऊन एस. टी. धरली की माळशेज घाटाच्या वाटेवर मुरबाड लागते. आणि येथूनच कोकणात सावंतवाडीकडे गाडी निघते. तिने खेडास उतरून पुढे मोटारीने गेले की मंडणगड तालुक्यात आंबडवे हे लहानसे गाव लागते. एक गाव आईकडचे, दुसरे वडिलांकडचे. मुरबाडकर आणि सकपाळ या दोन घराण्यांची सोयरीक झाली व तिच्यातून डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर जन्मास आले. डॉक्टरांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. आम्हांस लिहावयाचे आहे ते त्यांच्या आधीच्या दोन पिढ्यांविषयी, आणि विशेषतः त्यांचे वडील सुभेदार रामजी मालोजी सकपाळ यांच्याविषयी. ते आमच्याच धंद्यातले, म्हणजे शाळामास्तर होते, हे आम्हांस फार उशिरा कळले.

जुन्या गावगाड्यात महाराची कामे अनेक होती. वेशीची राखण, सरकारी वसूल चावडीपासून ठाण्यापर्यंत पोचविणे, वाटसरूंना पुढच्या गावापर्यंत सोबत करणे. त्यांत एक काम आम्हांस विलक्षण वाटते. दोन गावांच्या शिवेचा तंटा पडला म्हणजे शीव कोठून कोठे जाते याविषयी महाराची साक्ष प्रमाण मानीत. गावाची सीमा ज्याच्या जिभेवर ठरे त्याचे घर मात्र त्या गावाच्या वेशीबाहेर! ईस्ट इंडिया कंपनीने मुंबई इलाख्यात फौज उभारली तेव्हा ही राखणदार, काटक आणि पायपिटीस सरावलेली माणसे तिला आयती मिळाली. कोकणातून व देशावरून महार तरुण पलटणीत शिरले. १ जानेवारी १८१८ रोजी भीमेच्या काठी कोरेगावास पेशव्यांच्या फौजेशी लढाई झाली. तेथील स्तंभावर जी नावे कोरली आहेत त्यांत २२ नावांच्या शेवटी 'नाक' हा महारांचा प्रत्यय आहे. आमच्या लहानपणी ही लढाई घरात बोलली जाई ती पेशवाईच्या अस्ताचे दुःख म्हणून; त्या स्तंभावर नावे कोणाची आहेत हे वाचण्याची इच्छा आमच्या वाडवडिलांस झाली नाही, आणि आम्हांसही पन्नाशी उलटेपर्यंत झाली नव्हती. ज्या राज्यात आपणांस वेशीच्या आत रात्र काढता येत नाही त्या राज्यासाठी ऊर फुटेपर्यंत रडावे, अशी अपेक्षा कोणी कोणाकडून करावी?

पलटणीने या माणसांस तीन गोष्टी दिल्या: नियमित पगार, अंगावर वर्दी आणि मुलांना शाळा. यांतली तिसरी आम्हांस सर्वांत मोलाची वाटते. लष्करात शिपायांच्या मुलांना शिक्षण सक्तीचे होते. पलटणीच्या या शाळांसाठी मास्तर तयार करणारे नॉर्मल स्कूल पुण्यास होते. गावातल्या शाळेच्या ओसरीवरही ज्यांस पाय ठेवू देत नसत त्यांची मुले छावणीत पाटी घेऊन बसत, आणि मुलीदेखील. डॉक्टरांच्या घराण्यातील बायकांस लिहिता-वाचता येत असे, पोथी लावता येत असे. आमच्या कुलवृत्तांतातल्या त्या 'कन्या ३' यांना त्याच सुमारास अक्षरओळख होती की नाही हे सांगण्यास आम्ही असमर्थ आहो.

मुरबाडकरांचे घराणे या पलटणी जगातले मातबर घराणे. भीमाबाईंचे वडील आणि त्यांचे सहा भाऊ, असे सातही जण सुभेदार-मेजर होते असे चरित्रकार सांगतात. एतद्देशीय शिपायास त्या काळी जी सर्वांत वरची पायरी चढता येई ती ही. एका घरात असे सात पुरुष! मुरबाडच्या कोणा शास्त्र्याच्या घरी सात घनपाठी असते तर त्यांची नावे आम्ही शाळेत मुलांकडून घोकून घेतली असती.

त्या मानाने आंबडव्याचे सकपाळ साधे. रामजींचे वडील मालोजी हेही कंपनीच्या पलटणीत होते. त्यांच्या मुलांपैकी रामजी आणि अपंग कन्या मीराबाई ही दोघे मागे राहिली. ही मीराआत्या पुढे या कुटुंबाचा आधार झाली. रामजी शिपाई म्हणून भरती झाले आणि भीमाबाईंशी त्यांचा विवाह झाला. सासरेबुवांना जावयाची गरिबी खुपत असे. भीमाबाई मानी. अंगभर दागिने घालण्याची ऐपत आल्याखेरीज माहेरच्या उंबऱ्यावर पाय ठेवणार नाही, असा त्यांचा निश्चय चरित्रकारांनी नोंदविला आहे. आमच्या घरातल्या स्त्रियांना आम्ही ही गोष्ट सांगितली तेव्हा वहिनी म्हणाल्या, "हे बाकी आमच्या आजीसारखंच हो." मानी सुनेची गोष्ट कोणत्याही घरात ऐकली तरी ओळखीची वाटते.

दागिन्यांपर्यंत नेणारी वाट रामजींस विद्येतून सापडली. पुण्याच्या नॉर्मल स्कूलमधून ते शिक्षक होऊन बाहेर पडले, पलटणीच्या शाळेत शिकवू लागले आणि पुढे सुमारे १४ वर्षे मुख्याध्यापक होते. हुद्दा सुभेदाराचा, काम मास्तरकीचे. कबीरपंथी, निर्व्यसनी, पहाटे उठून भजन म्हणणारे. मुक्तेश्वर, मोरोपंत, तुकोबा त्यांच्या तोंडी असत आणि रामायण-महाभारताचे वाचन घरी नित्य चाले. हे वर्णन वाचताना आम्हांस आमच्या वडिलांची मूर्ती डोळ्यांपुढे आली. तोच करारीपणा, तीच पहाट, तीच मोरोपंतांची आर्या. केवळ एक गोष्ट वेगळी होती, आणि तिच्यापुढे या साऱ्या साम्याचा काही उपयोग नव्हता.

रामजींचे लष्करी आयुष्य शेवटी महूस स्थिरावले. महू म्हणजे कंपनीच्या वाढत्या अमलाची त्या काळची एक सरहद्दच. १८१७ च्या डिसेंबरात महिदपूरला होळकरांचा पराभव झाला, पुढच्याच महिन्यात मंदसोरचा तह झाला, आणि इंदूरच्या उशाशी इंग्रजांनी ही छावणी वसविली. माळव्याच्या काळ्या मातीत, होळकरांच्या मुलखाने वेढलेल्या या वसाहतीत, रत्नागिरीची आणि ठाण्याची माणसे संसार थाटून राहिली. चुलीवर कोकणातले कालवण आणि दारात परेडचे मैदान. तेथील काळी पलटण या भागात १४ एप्रिल १८९१ रोजी भीमाबाईंना चौदावे अपत्य झाले. चौदांपैकी अनेक बालपणीच गेली. बाळाराम, आनंदराव, भीमराव हे मुलगे आणि मंजुळा व तुळसा या मुली वाढल्या.

छावणीस हद्द असते आणि हद्दीवर दगड रोवलेले असतात. त्या दगडांच्या आत रामजी 'सुभेदारसाहेब' होते. शिपाई त्यांस सलाम करीत, मुले उभी राहून नमस्कार करीत. दगड ओलांडून बाजाराच्या गावात पाऊल टाकले की ते सारे मागे राही. आपल्या देशातून परदेशी गेलेल्या वसाहतकऱ्यांच्या हकीकती आम्ही पुष्कळ वाचल्या आहेत. ते समुद्र ओलांडून परक्या भूमीवर गेले. या माणसाची परकी भूमी छावणीच्या फाटकापासून सुरू होत होती, आणि ती त्याचीच जन्मभूमी होती.

पेन्शन झाली तेव्हा हे स्पष्ट झाले. १८९४ च्या सुमारास सुभेदार कुटुंबासह दापोलीस आले, तेथेच कायमचे राहावे या उद्देशाने. दापोली हीही जुनी छावणीच. अद्यापि लोक 'कॅम्प दापोली' म्हणतात. पलटणी उठून गेल्या तरी पेन्शनर तेथे राहत. महाडजवळच्या रावढूळचे गोपाळबाबा वलंगकर हेही लष्करातून निवृत्त होऊन येथेच राहिले आणि १८८८ मध्ये 'विटाळ विध्वंसन' लिहून त्यांनी धर्ममार्तंडांस प्रश्न विचारले. वाचकहो, जरा थांबून हे पाहा. दापोली म्हणजे विद्येची खाण. महर्षी कर्व्यांचे मुरुड तेथून हाकेच्या अंतरावर आणि टिळकांचे चिखलगावही त्याच तालुक्यात. महामहोपाध्याय काणे, ज्यांचा धर्मशास्त्राचा इतिहास पुढे जगन्मान्य झाला, ते नेमके याच वर्षांत दापोलीच्या इंग्रजी शाळेत शिकत होते. आणि त्याच गावात चार-पाच वर्षांचा भीवा आपल्या भावाबरोबर धुळाक्षरे गिरवू लागला होता. दोघे एकमेकांच्या शेजारून गेले असतील काय, असा विचार मनात येतो. आणि लगेच दुसरा येतो, की गेले असते तर कोणाची सावली कोणावर पडू नये म्हणून कोण थांबले असते?

दापोलीस सुभेदारांचे बस्तान बसले नाही. त्यातच दुसरा घाव आधीच पडला होता. लॉर्ड रॉबर्ट्स हे १८८५ पासून १८९३ पर्यंत हिंदुस्थानचे सरसेनापती होते. खरे लढवय्ये उत्तरेकडेच निपजतात असे त्यांचे मत. त्या धोरणात १८९२-९३ च्या सुमारास महारांची लष्करभरती बंद झाली. ज्यांचे बाप, आजे पलटणीत वाढले त्या मुलांना पलटणीचे फाटक बंद झाले. त्याबरोबर पगार गेला, वर्दी गेली, शाळाही गेली. या बंदीविरुद्ध अर्ज करण्यासाठी रामजींनी न्यायमूर्ती रानड्यांचे साहाय्य घेतल्याचे चरित्रकार सांगतात. निवृत्त सुभेदार आणि हायकोर्टाचे न्यायमूर्ती एका कागदावर वाकलेले आहेत, हे चित्र आम्हांस फार आवडते. अर्जाचा उपयोग झाला नाही. पुढे पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा १९१७ मध्ये महारांची एक पलटण उभारली, आणि गरज संपताच १९२१ मध्ये मोडली. १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावास महार रेजिमेंट उभी राहिली, ती आजतागायत आहे.

दापोली सोडून कुटुंब साताऱ्यास गेले. १८९६ मध्ये भीमाबाई तेथेच वारल्या. दागिन्यांनी मढून त्या माहेरी कधी गेल्या की नाही, हे आम्हांस कोठे वाचावयास मिळाले नाही. मीराआत्यांनी मुले सांभाळली. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेच्या दप्तरात 'भिवा रामजी आंबेडकर' असे नाव पडले. आंबडवे गावावरून आलेल्या आडनावाचे आंबेडकर कसे झाले याविषयी वाद आहे. त्या नावाचे एक ब्राह्मण मास्तर आपल्याला मधल्या सुटीत भाजीभाकरी देत, अशी कृतज्ञ आठवण डॉक्टरांनी स्वतः सांगितली आहे. त्या मास्तरांमुळे आमच्या धंद्याची थोडी अब्रू राहिली.

सुभेदार पेन्शनीवर भागेना म्हणून खटाव तालुक्यात दुष्काळी तलावाच्या कामावर नोकरीस राहिले. १९०१ च्या सुमारास मुले सुट्टीत त्यांच्याकडे निघाली. नवे कपडे, जरीची टोपी, आयुष्यातला पहिला आगगाडीचा प्रवास. मसूर स्टेशनावर उतरली तो वडिलांचा माणूस नाही. पत्र वेळेवर मिळालेच नव्हते. स्टेशनमास्तरांनी कपडे पाहून गोड चौकशी केली, आणि जात कळताच चेहरा बदलला. दुप्पट भाडे देऊ केले तरी गाडीवान बसवून घेईना. अखेर तोड निघाली ती अशी की मुलांनी गाडी हाकावी आणि गाडीवानाने पायी चालावे! डबा जवळ होता, पण पाणी कोणी देईना, म्हणून रात्रभर पोरे उपाशी. हा प्रसंग डॉक्टरांनी स्वतः लिहून ठेवला आहे. चौदा वर्षे इतरांच्या मुलांना शिकविलेल्या मुख्याध्यापकाची ही मुले. ती दुसऱ्या दिवशी मुक्कामास पोचली तेव्हा बापाने त्यांच्याकडे कसे पाहिले असेल, याची कल्पना करण्याचे धैर्य आम्हांस होत नाही.

आता आमच्या विषयाकडे, म्हणजे संस्कृताकडे वळतो. सुभेदार मुंबईस परळच्या डबक चाळीतल्या एका खोलीत राहावयास आले. खोली एवढीशी, की बाप पहाटे दोन वाजेपर्यंत जागत बसे आणि मग मुलाला अभ्यासास उठवून त्याच्या जागी निजे. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला त्यांनी स्वतः मुलाकडून करून घेतली होती. मुलाला पुस्तक हवे असले की लग्न झालेल्या लेकीकडे जाऊन चार रुपये उसने मागावे, तिच्याकडे पैसे नसल्यास तिचा दागिना गहाण टाकावा, आणि पेन्शन आली की सोडवून परत द्यावा. आणि त्यांची मनापासून इच्छा होती की मुलांनी संस्कृत शिकावे. थोरल्या मुलाला ते मिळाले नाही. धाकट्यालाही संस्कृताच्या शिक्षकांनी वर्गात घेतले नाही. नाइलाजाने फारसी घ्यावी लागली. १९१२ मध्ये भीमराव बी. ए. झाले ते इंग्रजी आणि फारसी घेऊन. २ फेब्रुवारी १९१३ रोजी सुभेदार वारले. मुलगा बडोद्याच्या नोकरीत नुकताच रुजू झाला होता, तो तारेने धावत आला.

त्या मुलाने संस्कृतावर राग धरला नाही. १९२१ मध्ये जर्मनीतल्या बॉन विद्यापीठाकडे त्यांनी प्रवेशासाठी अर्ज केला, त्यातही संस्कृत होते. घटनासमितीत राजभाषेचा खल चालला असता, सप्टेंबर १९४९ मध्ये, संस्कृतास ते स्थान द्यावे या सूचनेस पाठिंबा देणाऱ्यांत ते होते. हे आम्ही आमच्या कित्येक संस्कृतप्रेमी स्नेह्यांस सांगितले, तेव्हा प्रत्येकाने अभिमानाने मान डोलावली. त्यांना शिकवावयास नकार देणारे शिक्षक आपल्याच परंपरेतले होते, हे पुढचे वाक्य आम्ही उच्चारले की विषय बदले.

आम्हांस विषय बदलता येत नाही, त्याचे कारण सांगून टाकतो. १९८७ च्या जून महिन्यात, ज्या शाळेत आम्ही होतो तेथे, आठवीच्या मुलांची संपूर्ण संस्कृतसाठी नावे लिहून घेत होतो. एक मुलगा रांगेत होता. काळासावळा, नीट भांग पाडलेला, हस्ताक्षर मोत्यासारखे. त्याचे आडनाव आम्ही ऐकले आणि म्हणालो, "अरे, पाठांतर फार असतं. घरी कोणी सांगणारं आहे का? तू आपला हिंदी घे, मार्क चांगले पडतील." तो "बरं सर" म्हणाला व बाजूला झाला. आम्ही नकार दिला नव्हता; सल्ला दिला होता, आणि तोही प्रेमाने. परंतु त्या दिवशी ज्या इतर मुलांची नावे आम्ही उतरून घेतली त्यांपैकी एकासही, घरी सांगणारे कोणी आहे काय, हा प्रश्न आम्ही विचारला नव्हता. रामजींची हकीकत पुढे कित्येक वर्षांनी वाचली तेव्हा ती रांग आठवली.

तो मुलगा आता पन्नाशीचा आहे आणि सरकारी नोकरीत आहे. मागल्या वर्षी दिव्याच्या फलाटावर त्यानेच आम्हांस ओळखले. वाकून नमस्कार केला. आम्ही तेथेच, गर्दीत, ती गोष्ट काढली. त्याला ती आठवत होती, तारीखसुद्धा. "जाऊ द्या सर," तो म्हणाला. "माझी मुलगी घेतेय संस्कृत. शंभरपैकी शंभर पडतात म्हणे." आम्हांस हसू आले आणि बोलवेना.

त्याचे घराणे मूळचे मुरबाड तालुक्यातले; आजोबा दुसऱ्या महायुद्धाच्या काळात महार रेजिमेंटमध्ये भरती झालेले. गणेशोत्सवातील तो प्रश्न आम्ही त्याला सांगितला, तेव्हा पुढच्या रविवारी आजोबांचे डिस्चार्ज बुक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तो घरी घेऊन आला. कडा कुरतडलेल्या, शाई फिकट झालेली, पण उंची, छाती आणि वर्तणूक, सर्व काही जागच्या जागी. आमच्या नातीने दोनशे पानी वही काढली आहे. ती विचारते, तो सांगतो, आम्ही शुद्धलेखन तपासतो. कन्यांची नावे पूर्ण लिहावयाची असा तिने नियम केला आहे. पहिल्याच पानावर गाडी अडली, कारण आजोबांच्या आईचे नाव त्याला ठाऊक नाही. त्याची एक वृद्ध आत्या मुरबाडास आहे. तिला विचारून येत्या रविवारी सांगतो, असे म्हणून तो गेला आहे.